नऊशे अठरा थाउ

संपादकांचा फोन आला तेव्हा मी चाकणहून येताना मोशीच्या चौकात एका कंटेनरमागे अडकलो होतो. "औद्योगिक पट्ट्यावर अंक काढतोय. यंत्रं आली, युनियन आली. व्यंगचित्रावर काही होईल का?"

"इथं?" मी म्हणालो. "इथं माणूस हसतो तो शिफ्ट सुटल्यावर, तेही बस मिळाली तर."

दुसऱ्या दिवशी लोकलने पुण्याला जाताना खडकी लागली आणि माझंच वाक्य मला टोचलं. खडकीत 1946 पासून किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा कारखाना आहे. त्या घराण्याने नांगर आणि इंजिनं दिली, हे या पट्ट्यातल्या कुठल्याही फिटरला सांगावं लागत नाही. पण त्याच घराण्यात एक व्यंगचित्रकार होऊन गेला, आणि त्याचं मासिक नांगराच्या कारखान्यातूनच निघालं.

थोडा इतिहास. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले आणि तिथं कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखता येत नाहीत. रंग सुटले, यांत्रिक आरेखन हाती राहिलं. बेळगावात सायकली झाल्या, कडबा कापायची यंत्रं झाली, लोखंडी नांगर झाला. मग 1910 साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. जागा देणारे औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः हाडाचे चित्रकार. काकांच्या हातून सुटलेले रंग पुतण्याने उचलले. शंकर वासुदेव किर्लोस्कर (1891–1975) पंडित सातवळेकरांकडे चित्रकला शिकले आणि वाडीवर आले. 1920 साली त्यांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. नांगराची माहिती आणि वाडीची हालहवाल देणारं ते कारखान्याचं घरचं पत्र होतं. 1929 मध्ये 'खबर' गळलं आणि 'किर्लोस्कर' उरलं. पुढे 1930 मध्ये 'स्त्री' आणि 1934 मध्ये 'मनोहर' आलं. संपादक शं. वा. कि. आणि चित्रकारही तेच. 'टाकाच्या फेकी' या नावाने त्यांची व्यंगचित्रं येत. टाक म्हणजे दौतीत बुडवून लिहायची लेखणी. त्याच्या टोकाची फेक कधी भोंदूगिरीवर पडे, कधी जातिभेदावर, कधी सोवळ्यावर.

हे सगळं ग्रंथालयात बसून कळतं. पण जुने बांधीव अंक चाळताना माझं लक्ष विनोदापेक्षा रेषेवर अडकलं. ती इतकी ठाम का? एकेक रेष सळईसारखी. मधला, धूसर असा काही प्रकारच नाही.

उत्तर मिळालं चिंचवडगावात, चापेकर चौकापासून चार गल्ल्या आत. तिथं एक निवृत्त ब्लॉकमेकर राहतात. उमेदीत पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ ब्लॉक करायचे, ऑफसेटने तो धंदा खाल्ल्यावर चाकणच्या एका खोक्यांच्या छापखान्यात लागले. मी त्यांना काका म्हणतो. त्यांनी पलंगाखालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून तळहाताएवढा, लाकडावर ठोकलेला जस्ताचा तुकडा. छत्री उलटी झालेला एक माणूस, डावं उजवीकडे.

"हा लाइन ब्लॉक. बोट फिरवा."

फिरवलं. माणूस बोटाला लागला. छत्रीच्या काड्यासुद्धा मोजता आल्या.

मग काका अर्धा तास बोलत होते आणि मी हलत नव्हतो. चित्र काळ्याभोर शाईत काढायचं, कॅमेऱ्याने त्याची निगेटिव्ह करायची. जस्ताच्या पत्र्यावर उजेडाने घट्ट होणारा लेप द्यायचा, वर निगेटिव्ह ठेवून उजेड सोडायचा. जिथे रेष आहे तिथला लेप चिकटून बसतो, बाकीचा धुवून जातो. मग पत्रा नायट्रिक ॲसिडच्या तबकात. उघडं जस्त ॲसिड खातं, रेष वर उरते.

"एवढं सोपं असतं तर माझी बोटं अशी झाली नसती," काका म्हणाले. "ॲसिड खाली खातं तसं आडवंही खातं. रेषेचा पाया पोखरला की दोन-चारशे छापांत रेष मोडली. मग काय करायचं? लाल राळेची भुकटी. तिला आम्ही ड्रॅगन्स ब्लड म्हणायचो. ती ब्रशने एका बाजूने सारायची, म्हणजे रेषेच्या कडेला साठते. पत्रा तापवला की वितळून भिंतीला धरते. मग दुसऱ्या बाजूने, तिसऱ्या, चौथ्या. पुन्हा ॲसिड. पुन्हा राळ. तीन-चार फेऱ्या."

शेवटी पत्रा लाकडावर ठोकायचा, छपाईच्या अक्षरखिळ्यांच्या उंचीला. उंची किती? काकांनी या पट्ट्याच्या बोलीत सांगितलं, "नऊशे अठरा थाउ." म्हणजे 0.918 इंच. जुळाऱ्याने जुळवलेला मजकूर आणि चित्र एकाच चौकटीत आवळले जाणार, तर दोघांची डोकी एका पातळीत हवीत. दोन थाउ कमी पडला तर चित्र फिकं, जास्त झाला तर कागदाला भोक. कमी पडलं की ब्लॉकखाली पातळ कागदाचे तुकडे चिकटवत बसायचं. ज्यांनी लेथवर आयुष्य काढलं त्यांना हे दुखणं परकं नाही.

आणि करडा रंग? "लाइन ब्लॉकला करडा माहीतच नाही. शाई लागली तर काळं, नाही तर पांढरं." करडा हवा तर बारीक ठिपक्यांचा हाफटोन, आणि तो खडबडीत स्वस्त कागदावर चिखलासारखा पसरतो. म्हणून व्यंगचित्रकाराला टाक उचलण्याआधीच ठरवावं लागे की रेष आहे की नाही.

अमेरिकेतल्या व्यंगचित्रकार थॉमस नॅस्टच्या हाती तर जस्तही नव्हतं. 'हार्पर्स वीकली'साठी 1871 च्या सुमारास तो न्यूयॉर्कच्या ट्वीड नावाच्या भ्रष्ट पुढाऱ्याला सोलत होता. चित्रं लाकडी ठोकळ्यांवर कोरली जात, मोठ्या चित्राचे ठोकळे वेगवेगळे कोरून बोल्टने जोडत. ट्वीडला म्हणे बातम्यांची फिकीर नव्हती, चित्रांची होती, कारण त्याच्या मतदारांना वाचता येत नसलं तरी दिसत होतं. 1920 च्या महाराष्ट्रातही वाचणारे थोडे आणि बघणारे पुष्कळ होते. नांगराच्या जाहिराती आखणाऱ्या शंकररावांना हे पक्कं ठाऊक असणार. 'किर्लोस्कर'मध्ये सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध आले, सनातनी खवळले, पण मासिक मागे हटलं नाही. मला त्या ठामपणात वाडीच्या यंत्रशाळेचा वास येतो. भाग बसतो किंवा बसत नाही, त्याला मधलं उत्तर नसतं.

एक गोष्ट मात्र बोलायलाच हवी. पुरोहितावर फेक टाकणं एक, फोरमनवर टाकणं वेगळं. कारखान्याचं मासिक मालकाच्या कागदावर छापलं जातं आणि त्या कागदाला कड असते. शंवाकिंनी आपली फेक कुंपणापलीकडे, समाजावर टाकली आणि घरच्या पत्राचं महाराष्ट्राचं मासिक केलं. आज आमच्या पट्ट्यातली घरची पत्रं पाहा. चकचकीत कागद किंवा नुसतीच पीडीएफ. पहिल्या पानावर साहेब, दुसऱ्यावर वृक्षारोपण, तिसऱ्यावर सुरक्षा सप्ताह. कंत्राटी पोरांच्या मोबाइलवर ती पोचतही नाहीत. ती हसतात मीम बघून, ते सकाळी येतं आणि दुपारच्या डब्यापर्यंत शिळं होतं.

मलाही याची चव मिळाली आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीच्या अंकासाठी मी चित्र दिलं होतं: भिंतीवर सूचनापेटी, तिच्या कुलपाला गंज, कुलपावर कोळ्याचं जाळं. निरोप आला, "छान आहे, जरा सौम्य करू." अंक आला तेव्हा पेटी होती, कुलूप नव्हतं. जाळंही पुसलं होतं. खाली ओळ होती: आपल्या सूचनांचे स्वागत आहे.

हा किस्सा काकांना सांगितला तर ते हसले नाहीत. "कॉम्प्युटरवर पुसायला काय लागतं?" म्हणाले. "जस्तातनं कुलूप काढायचं तर छिन्नी मारायला लागली असती. छिन्नीची खूण राहते."

त्यांच्या हातचे ब्लॉक कुठे आहेत, विचारलं. छापखाना बंद झाला तेव्हा पोती भरून भंगारात गेले. जस्त किलोवर गेलं, लाकूड बंबात. छत्रीवाला तेवढा ते खिशात घालून आले होते. चित्र कुणाचं, हे त्यांनाही आठवत नाही. ब्लॉक कुणाचा, ते आठवतं.

निघताना मी म्हणालो, "एक छाप द्या." काकांनी नातवाचा शिक्क्याचा पॅड मागवला, ब्लॉक त्यावर चार वेळा टेकवला, माझ्या खिशातल्या डिलिव्हरी चलनाच्या कोऱ्या पाठीवर ठेवला आणि तळव्याने पूर्ण वजन दिलं. उचलला. छत्री, काड्या, उडालेलं धोतर, सगळं सुलट उमटलं. फक्त एका काडीत केसाएवढी फट.

मला ती दिसलीही नसती. काकांनी चष्मा वर केला आणि नखाने दाखवली.

"इथं राळ धरली नव्हती," ते म्हणाले. "तेव्हाच कळलं होतं मला. घाई होती, जाऊ दिलं."