जुनं विमान पुन्हा उडेल काय?

जुनी मोटार भंगारात जाते. मग जुन्या विमानाचं काय होतं? बहुतेक विमानं मोडतात व त्यांचे भाग विकतात. थोडी विमानं मात्र संग्रहालयात ठेवतात. संग्रहालय म्हणजे मोलाच्या वस्तू लोकांना पाहता याव्यात म्हणून जपून ठेवण्याची जागा.

तिथलं विमान पाहून वाटतं, पंख आहेत, इंजिनं आहेत, चाकं आहेत. तेल भरलं की उडेल! पण तसं नाही. का, ते आम्ही सांगतो.

एक तार घ्या. एकदा वाकवली तर ती तुटत नाही. पण तीच तार पुन्हापुन्हा इकडेतिकडे वाकवा. कट्कन तुटेल. आम्ही शाळेत मुलांना हे करून दाखवत असू. माणसासारखा धातूही थकतो.

विमानाचं असंच आहे. फार उंचावर हवा विरळ असते. उतारूंना श्वास घेता यावा म्हणून विमानात हवा दाबून भरतात. त्यामुळे विमानाचं अंग किंचित फुगतं. खाली आलं की पुन्हा बसतं. दर फेरीला असं होतं.

इंग्लंडचं 'कॉमेट' हे जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान. १९५२ साली ते लंडनहून जोहान्सबर्गला उतारू नेऊ लागलं. पण १९५४ साली दोन कॉमेट विमानं इटलीजवळ समुद्रावर असताना आकाशातच फुटली. आतलं एकही माणूस वाचलं नाही. मग तज्ज्ञांनी एक कॉमेट पाण्याच्या मोठ्या टाकीत ठेवलं. आत पाणी दाबून भरायचं, दाब सोडायचा, पुन्हा भरायचं. असं शेकडो वेळा केल्यावर खिडकीच्या कोपऱ्याशी पत्रा फाटला. तोवर विमान धडच दिसत होतं!

म्हणून उडत्या विमानाच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवतात. त्याचे पत्रे, नळ्या, तारा वरचेवर तपासतात. संग्रहालयातल्या विमानाची अशी तपासणी होत नाही. रबर कडक होतं, पत्रा गंजतो. जुने भाग मिळत नाहीत. ते विमान चालवणारे वैमानिकही थोडेच उरतात.

मग जुनं विमान कधी उडतच नाही का? क्वचित उडतं. अमेरिकेत बोईंग ७२७ जातीचं पहिलं विमान १९६३ साली उडालं. १९९१ साली ते सिअ‍ॅटल शहराच्या संग्रहालयाला देणगी मिळालं. स्वयंसेवकांनी ते दुरुस्त करायला घेतलं. दुसऱ्या जुन्या विमानांचे भाग काढून त्याला बसवले. २ मार्च २०१६ रोजी, खास परवाना काढून, एकही उतारू न घेता, ते संग्रहालयाकडे उडत गेलं. सुमारे पाव तासाची ती फेरी. तिच्यासाठी २५ वर्षं खपावं लागलं! ती त्याची शेवटची फेरी ठरली.

काही लोक म्हणतात, विमान उडतं तेव्हाच शोभतं. खरं आहे. पण अशी विमानं जगात एखाददुसरीच उरली आहेत. एक पडलं तर ते कायमचं गेलं, आणि आतल्या माणसांचा जीव वेगळाच. उभं विमानही शिकवतं. लंडनजवळच्या डी हॅविलंड संग्रहालयात एका जुन्या कॉमेटचा सांगाडा आहे. त्याच्या चौकोनी खिडक्या आजही पाहता येतात.

आपणही एवढं लक्षात ठेवावं. विहिरीचा दोर, झोपाळ्याची कडी दिसायला धड असते, पण आतून झिजलेली असते. भार टाकण्याआधी तपासून पाहा.