गोष्टीतला आदिवासी माणूस असू द्या

लहान मुलाला आदिवासीचे चित्र काढायला सांगा. डोक्याला पिसे, हातात भाला, कमरेला पाने, असेच काहीतरी ते काढील. हे त्याला सिनेमाने शिकवले. ज्यांनी पिढ्यानपिढ्या रान राखले, त्यांची ओळख आपल्या मुलांना थट्टेतून व्हावी, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही.

वर्षावासात आपल्या विहारांतून ग्रंथवाचन होते. मोठी माणसे ऐकतात, मुले मागे बसून कंटाळतात. त्यांच्यासाठी अर्धा तास गोष्टींचा ठेवावा. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, हा नियमच मुळी कोवळे गवत आणि बारीक जीव पायाखाली तुडवले जाऊ नयेत म्हणून झाला, हे आधी सांगावे. मग न्यग्रोधमृग जातक सांगावे. गाभण हरिणीच्या जागी मृगराज स्वतः मरायला पुढे होतो आणि राजाचे मन पालटते. येथून आदिवासींच्या गोष्टीकडे वळणे सोपे जाते.

पालघर जिल्ह्यातील वारली लोक लाकडावर वाघ, चंद्र, सूर्य कोरून तो वाघदेव म्हणून मांडतात. दिवाळीच्या तोंडावर वाघबारस करतात. आता कोणी विचारील, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे; मुलांना वाघदेव कसा सांगायचा? पूजा शिकवू नये, पण हसूही नये. या गोष्टीत पिढ्यांचा अनुभव आहे. रानात वाघाचाही वाटा आहे, त्याच्या शेजारी राहायचे तर सावध राहावे, हे ती सांगते. आपल्या बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात, लेकरेही सोबत असतात. पश्चिम महाराष्ट्रात उसाच्या फडात बिबट्या राहतो. अंधार पडताना फडाच्या कडेला एकटे बसू नये, हे त्या लेकरांना नुसत्या धाकापेक्षा गोष्टीतून लवकर कळेल.

चित्रेही दाखवावीत. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) यांनी गेरूच्या रंगावर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत झाड, मुंगी, मासे, माणूस एकाच जगात नांदतात. उमापूरच्या मुलांनाही गेरू आणि पीठ सहज मिळेल.

मात्र निसर्गप्रेमापाशी गोष्ट थांबली तर ती अर्धीच. रान ज्यांनी राखले त्यांनाच रानातून चोरासारखे हाकलले गेले, हेही सांगावे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंडांच्या गावाने २००६ च्या वनहक्क कायद्याच्या आधारे २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ साली ग्रामसभेने आपला बांबू स्वतः विकला. सभेत बसून, एकमेकांचे ऐकून त्यांनी हे केले. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ याचे यापेक्षा सोपे उदाहरण मुलांना कोणते द्यावे?

आणि आदिवासी फार दूर असतात असेही नाही. फासेपारधी आपल्याच मराठवाड्यात आहेत. तितर-लाव्यांचा आवाज ओळखणारी, माळाची खडान्‌खडा माहिती असणारी ही माणसे. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून कितीतरी जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली गेला, पण पारध्यांकडे पाहणारी नजर अजून तीच आहे. जन्मावरून माणसाला हीन ठरवणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आपल्याच घरातले मूल ‘पारध्यासारखा वागू नको’ असे म्हणत असेल, तर विहारातली वंदना त्याच्या मनापर्यंत पोचलेली नाही.

तेव्हा मातांनो, गोष्ट संपल्यावर मुलाला दोन प्रश्न जरूर विचारा. या माणसांना काय येते, जे आपल्याला येत नाही? आणि त्यांचे काय हिरावले गेले? उत्तर लगेच आले नाही तरी चालेल. वर्गातल्या पारध्याच्या मुलाशेजारी ते आपणहून जाऊन बसले, की गोष्ट समजली असे धरावे.

जयभीम!