फुकटातल्या फुटबॉलचा चढा बाजार

पार्क जी-सुंग २०१४ साली निवृत्त झाला. तरी दक्षिण कोरियात आजही त्याची रोज खरेदी-विक्री चालते. तीही एकाच पार्कची नव्हे. २००२च्या विश्वचषकातला पोरसवदा पार्क वेगळा, ‘आयकॉन’ म्हणून मखरात बसवलेला वेगळा, आणि प्रत्येकाचा भाव निराळा. हा बाजार भरतो ‘एफसी ऑनलाइन’ या व्हिडिओ गेममध्ये. गंमत म्हणजे या गेममध्ये शिरायला एक छदामही लागत नाही.

ईए ही अमेरिकी कंपनी १९९३पासून दरवर्षी फुटबॉलचा नवा गेम डबाबंद करून विकत आली. कोरियात ही रीत रुजेना. डब्यातला गेम आला की त्याच्या चोरट्या प्रती निघायच्या. शिवाय तिथली पोरं खेळायची ती ‘पीसी बांग’मध्ये, म्हणजे तासाप्रमाणे पैसे घेणाऱ्या संगणकांच्या अड्ड्यांवर. १९९७च्या आर्थिक संकटानंतर असे अड्डे गल्लोगल्ली निघाले होते. दार सताड उघडं ठेवायचं आणि कमाई आतल्या वस्तूंवर करायची, हे नेक्सॉन या कोरियन कंपनीने ‘क्विझक्विझ’ या गेममधून आधीच दाखवून दिलं होतं. मग २००६मध्ये, जर्मनीतल्या विश्वचषकाच्या तोंडावर, ईएने निओविझ या कोरियन कंपनीला हाताशी धरून ‘फिफा ०६’च्या पायावर ‘फिफा ऑनलाइन’ उभा केला. कॉपी करायची तर कशाची करणार? खेळ सगळा सर्व्हरवर!

दुसरी आवृत्ती पुढच्या वर्षी आली. तिसरी २०१२च्या डिसेंबरात, पण आता भागीदार नेक्सॉन होता. पुढच्या मार्चमध्ये दुसरीचे सर्व्हर बंद झाले. डबा निदान कपाटात तरी राहतो, इथे जमवलेला संघ सर्व्हरबरोबर जातो. २०१८च्या मे महिन्यात, पुन्हा विश्वचषक गाठून, चौथी आवृत्ती आली.

मला चकित करतो तो गोलपेक्षा बाजार. इथे खेळाडू म्हणजे एक कार्ड, आणि ते ‘पक्कं’ करता येतं: एका कार्डावर दुसरी कार्डं खर्ची घालायची आणि ते +१ वरून वर चढवत न्यायचं. जमलं तर भाव गगनाला, फसलं तर कार्ड खालच्या पायरीवर. उघड जुगाराचीच चव. अशा नशिबाच्या वस्तूंची शक्यता किती टक्के, हे जाहीर करणं कोरियन कायद्याने मार्च २०२४पासून बंधनकारक केलं, ते उगाच नाही. खेळाडू विकला की गेम जबर दलाली कापून घेतो. मात्र विक्रीची रक्कम पीसी बांगमधून उचलली, तर दलालीत सूट! त्यामुळे घरबसल्या खेळणारे अड्ड्यावर बसलेल्या ओळखीच्या माणसाला आपल्या खात्यात शिरून पैसे उचलायला सांगतात. या उसनवारीला कोरियनमध्ये ‘दे-नाक’ असं सुटसुटीत नावही पडलं आहे.

युरोप-अमेरिकेसाठी काढलेला असाच फुकट ‘फिफा वर्ल्ड’ मात्र २०१५मध्ये गुंडाळावा लागला. माझ्या मते उणीव गेमपेक्षा पीसी बांगची होती. शिवाय तिथलं गिऱ्हाईक वार्षिक डब्याला सरावलेलं.

२०२३मध्ये ईए आणि फिफा यांची फारकत झाली आणि ‘फिफा ऑनलाइन’चा ‘एफसी ऑनलाइन’ झाला. पाटी बदलली तरी खेळाडू जागेवरच राहिले, कारण त्यांच्या नावाचे हक्क फिफाकडून येतच नव्हते.

पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०२४मध्ये, नेक्सॉनने खरोखरीचं मैदान घेतलं. सोलच्या विश्वचषक स्टेडियमवर एका बाजूला आक्रमक तेवढे: ऑन्री, द्रोग्बा, काका. समोर बचावपटू: कान्नावारो, फर्डिनंड, विदिच. आक्रमक भारी की बचाववाले, हा गेममधली पोरं रात्री-बेरात्री घालतात तो वाद साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर हाडामांसाच्या माणसांनी लढला. बचाववाले ४-१ने जिंकले. आक्रमकांचा एकमेव गोल पेनल्टीवर, पार्क जी-सुंगचा. २०२५मध्ये पुन्हा सामना झाला, आक्रमकांना आर्सेन वेंगर प्रशिक्षक मिळाले, तरी बचाववाल्यांनी २-१ने बाजी मारली.