चळवळ्या मुलाचं वजन का वाढतं?

जे मूल एका जागी बसत नाही त्याच्या अंगाला काही लागत नाही, असा आपल्याकडे घरोघरी समज आहे. आकडे उलटं सांगतात. साउदॅम्प्टन विद्यापीठातील बालमनोविकारतज्ज्ञ सॅम्युएले कोर्टेसे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये 42 अभ्यास एकत्र करून सात लाखांहून अधिक लोकांची माहिती तपासली. एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता असलेल्या मुलांत स्थूलता 10.3 टक्के, तर इतर मुलांत 7.4 टक्के आढळली. प्रौढांमध्ये हेच आकडे 28.2 आणि 16.4 होते. अर्थात, एडीएचडी असलेल्या दहातली नऊ मुलं स्थूल नसतात, हेही याच आकड्यांतून दिसतं.

एडीएचडी असलेल्या मुलाला पुढचा विचार करून हात आवरणं जड जातं. गृहपाठ करताना ते चारदा उठतं, आणि उठलं की फरसाणाचा डबा समोर असतोच. भूक नसतानाही खाल्लं जातं. सकाळी गडबडीत न्याहारी राहते, मग संध्याकाळी भान न ठेवता खाणं होतं. याला हावरटपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात एडीएचडीशी आणि वाढत्या वजनाशी निगडित जनुकीय घटक काही अंशी सारखेच निघाले.

झोपेचा धागा मात्र उलट दिशेनं येतो. जाड मुलांमध्ये घोरणं आणि झोपेत श्वास अडणं जास्त दिसतं. झोप अपुरी झालेलं मूल मोठ्यांसारखं पेंगत नाही, उलट जास्तच चुळबुळ करतं. अमेरिकेत झोपेत श्वास अडणाऱ्या 464 मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2013 मध्ये आले. ज्यांचे टॉन्सिल लगेच काढले त्यांची झोप सुधारली, पालकांना वागण्यातही फरक जाणवला. पण अवधानाच्या चाचणीत ती मुलं शस्त्रक्रिया न करता वाट पाहणाऱ्या गटाच्या फारशी पुढे गेली नाहीत. म्हणजे प्रत्येक चंचलतेचं खापर घोरण्यावर फोडता येत नाही. तरीही जाड आणि चंचल मुलाला तपासताना ‘रात्री घोरतो का?’ हा प्रश्न विचारायलाच हवा.

औषधानं चित्र पुन्हा पालटतं. एडीएचडीवर दिलं जाणारं मिथाइलफेनिडेट लक्ष टिकवायला मदत करतं, पण भूक मारतं. कोर्टेसे यांच्या विश्लेषणातही औषध घेणाऱ्यांमध्ये स्थूलतेशी ठळक संबंध उरला नव्हता. घरी हे शाळेच्या डब्यावरून कळतं: पोळी-भाजी तशीच परत येते आणि रात्री नऊला मूल ‘आई, खायला दे’ म्हणत स्वयंपाकघरात येतं. तेव्हा त्याला रागावू नये, पोटभर जेवू द्यावं. सकाळची गोळी भरपेट न्याहारीनंतर द्यावी आणि उंची-वजनाची नोंद दर काही महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावी. वजन घसरत असेल तर मात्रा किंवा वेळ बदलता येते. तो निर्णय डॉक्टरांचा. घरच्या घरी गोळी बंद करू नये.