आत्याची हिंदी, नातीची पोलिश

गेल्या दिवाळीत नेमावरला आत्याकडे गेलो होतो. देवास जिल्ह्यातले हे नर्मदाकाठचे गाव. लग्न होऊन आत्या इथे आली तेव्हा तिला मराठी आणि कन्नड येत होते. हिंदीचा गंध नव्हता. घाटावर धुणे धुता धुता शेजारणींकडून ती हिंदी शिकली.

त्या संध्याकाळी तिच्या नातीचा पोलंडमधल्या व्रोत्सवाफहून फोन आला. नवऱ्याच्या नोकरीमुळे ती तिकडे गेलेली. लेकराला ताप भरला, दवाखान्यात नेले, पण खिडकीवरच्या बाईला काय होतेय ते सांगता येईना. रडवेली होऊन म्हणाली, "काका, तुम्ही भाषा शिकवता ना? या वयात मला पोलिश येईल का?"

मी म्हटले, "येईल. अर्धी वाट मराठीनं चालून दिलीय."

पोलिशमध्ये आपल्यासारखीच तीन लिंगे आहेत. विभक्ती सात, आणि नामाचे रूपही बदलते. आपली 'शाळा' 'शाळेत' होते, तशी त्यांची 'श्कोवा' 'फ श्कोले' होते. 'मी होतो' म्हणताना पुरुष 'बिवेम' म्हणतो, बाई 'बिवाम'. कन्नडमध्ये 'नानु होदे' दोघांनाही चालते. म्हणून घरी कन्नड बोलणाऱ्यांनी इथे जरा जपावे. 'चाक' आणि 'चार' यांतले दोन च तिथेही वेगवेगळे आहेत. अनोळखी माणसाला एकेरी नको. पुरुषाला 'पान' म्हणायचे, बाईला 'पानी'.

आत्याला हसू आवरेना. "म्हणजे तिथं बाईला पाणी म्हणतात!"

व्रोत्सवाफच्या विद्यापीठात परदेशीयांसाठी वर्ग आहेत. वॉर्सा विद्यापीठाचे 'पोलोनिकुम' केंद्र तर १९५६ पासून हेच काम करते. पुढे नागरिकत्वासाठी अर्ज करायचा झाल्यास साधारणपणे बी-१ पातळीचे प्रमाणपत्र लागते. वर्गाने व्याकरण पक्के होते. जीभ मात्र बाजारातच सुटते. रोज एक वाक्य पाठ करावे आणि त्याच दिवशी दुकानात वापरावे.

"शेजारच्या आजीबाईंना वळिवड्याचं सांग," मी सुचवले. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळच्या त्या छावणीत सुमारे ५ हजार पोलिश निर्वासित राहत होते. बोलायला एवढा धागा पुरे.

आत्याने फोन हातात घेतला. "शेजारीण धर बाई. चुकलीस तर आधी हसेल, मग शिकवेल. मला तसंच आलं."

पंधरा दिवसांनी नातीचा निरोप आला. तिने पहिले वाक्य पाठ केले होते: 'मा गोरोन्च्के'. म्हणजे, याला ताप आहे.