नान : भिंतीवर रंगलेला, मागावर विणलेला

थायलंडला गेलेली मराठी मंडळी बहुधा बँकॉक, पट्टाया, फुकेत करून परततात. लाओसच्या सीमेला खेटून असलेला उत्तरेचा नान प्रांत त्यांच्या वाटेवर येतच नाही. या डोंगराळ, जंगलमय मुलखात बँकॉकचं मांडलिक असलेलं राजघराणं १९३१ पर्यंत नांदलं. मुलूख आडवाटेचा, म्हणून इथल्या कलेनंही आपलं वळण टिकवलं.

ते पाहायला आधी वाट फुमिन या बौद्ध मंदिरात जावं. १५९६ साली स्थापन झालेलं हे मंदिर दोन प्रचंड नागांनी पाठीवर तोलून धरल्यासारखं दिसतं. आत चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून चारी दिशांना तोंड करून बसल्या आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रंगवलेल्या भिंतींवर जातककथा आहेत. पण चित्रकाराचा खरा जीव रमलाय तो गावच्या माणसांत. कुणी मागावर बसली आहे, तर कुठे अंगभर गोंदवलेला तरुण एका स्त्रीच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काही सांगतो आहे. नानमध्ये हे चित्र टी-शर्टावरही भेटतं.

चित्रातल्या बायकांनी नेसलेली नक्षीदार वस्त्रं आजही विणली जातात.

नान शहराच्या उत्तरेला नोंग बुआ हे ताई ल्यू विणकरांचं गाव आहे. त्यांची ‘लाय नाम लाय’ म्हणजे वाहत्या पाण्याची नक्षी. विणकरीण बाण्याचे रंगीत धागे बोटांनी ताण्यात गुंफते, ओळीगणिक रंग थोडा सरकवते आणि पायऱ्यापायऱ्यांनी लाट उमटते. पैठणीच्या पदरातली नक्षीही अशीच हातानं बाणा गुंफून होते. डोंगरातल्या ह्मोंग बायका मेणानं नक्षी रेखून कापड निळीत बुडवतात. मिएन समाजाची ख्याती बारीक भरतकामाची आणि चांदीच्या दागिन्यांची.

पूर्वेला बो क्लुआ गावात समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर मीठ पिकतं. विहिरीचं खारं पाणी मोठ्या कढयांत लाकडाच्या आचेवर आटवतात. ओलं मीठ कढईवर टांगलेल्या बांबूच्या टोपलीत निथळतं आणि ठिबकणारं पाणी पुन्हा कढईतच पडतं.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा जायला उत्तम काळ. जेवणात ‘माख्वेन’ लावून तळलेली कोंबडी जरूर मागवावी. हा मसाला आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊबंद. कोकणी, गोवेकर जिभेला तो पहिल्याच घासाला ओळखू येईल.