लॉकडाऊनमध्ये वाकळ, कुरडई आणि परसबागेनं मन कसं सावरलं?

२५ मार्च २०२०. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि देशभरातल्या लॉकडाऊनचा पहिला दिवसही. आदल्या रात्री आठ वाजता घोषणा झाली, मध्यरात्रीपासून सगळं बंद. साखरेच्या गाठी आणायला बाजारात जायचं राहूनच गेलं. कडुलिंबाचा डहाळा शेजारच्या झाडाचा, गाठीऐवजी गुळाचा खडा, अशी गुढी त्या वर्षी अनेक घरांवर उभी राहिली. २१ दिवसांचा म्हणून सुरू झालेला लॉकडाऊन लांबत लांबत ३१ मेपर्यंत गेला.

सीमाभागात या बंदला आणखी एक पदर होता. एरवी कोल्हापूर-बेळगाव हा तासा-दोन तासांचा प्रवास. माहेर एका राज्यात, सासर दुसऱ्या राज्यात, ही इथली रोजची गोष्ट. निपाणीजवळच्या कोगनोळी नाक्यावर बस थांबते ती चहापाण्याला, एवढंच ठाऊक असलेल्या माणसांना अचानक ई-पास, सेवासिंधू आणि पुढे आरटी-पीसीआर हे शब्द शिकावे लागले. नकाशावरची रेघ पहिल्यांदाच भिंतीसारखी जाणवली.

याच दिवसांत घराघरांत एक गोष्ट घडत होती. माळ्यावरची ट्रंक खाली आली, जुनी लुगडी बाहेर निघाली. तेलाच्या रिकाम्या डब्यांत मेथी उगवली. ज्यांनी कधी चहाही केला नव्हता, ते पुऱ्या लाटायला बसले. बातम्यांत याला ‘वेळ घालवणं’ म्हटलं गेलं. पण त्यात वेळ घालवण्यापेक्षा जास्त काहीतरी होतं.

आधी गरज, मग विरंगुळा

शिवणकामाची सुरुवात झाली ती मास्कपासून. एप्रिल २०२० च्या सुरुवातीला बाजारात मास्क मिळेनात, तेव्हा घरी शिवलेले कापडी मास्क वापरा, असं केंद्र सरकारनंच सांगितलं. बंद पडलेल्या पायमशीनला तेल पडलं. गावोगावच्या बचत गटांच्या बायकांनी मास्क शिवून दिले. मास्क झाले, कापडाचे तुकडे उरले, हात मात्र थांबायला तयार नव्हते. मग वाकळ निघाली.

वाकळ म्हणजे आपली गोधडी. बेळगाव-कोल्हापूरकडे वाकळ, कानडीत कौदी, वडोद्यात गोदडी, इंदूर-ग्वाल्हेरकडे गुदडी. राज्य बदललं की नाव बदलतं, वस्तू तीच. जुनी लुगडी, धोतरं, पोरांचे आखूड झालेले कपडे एकावर एक अंथरायचे, कडा आत दुमडायच्या आणि साध्या धावदोऱ्यानं कडेकडून मध्याकडे यायचं. डिझाइन येत नसलं तरी चालतं. टाके वाकडे झाले तरी वाकळ उबदारच होते. अर्ध्यात सोडून दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढं सुरू करता येतं. घाबरलेल्या, चित्त थाऱ्यावर नसलेल्या माणसासाठी याहून सोयीचं काम सापडणं अवघड.

उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका अशाच कौद्या शिवतात. आफ्रिकी वंशाचा हा समाज कित्येक पिढ्या इथल्या मातीत रुजलेला आहे. त्यांच्या कौदीच्या चारही कोपऱ्यांवर कापडाच्या घड्या घालून केलेले छोटे तुकडे बसवतात. त्यांना ‘फुलं’ म्हणतात. फुलं लावल्याशिवाय कौदी पूर्ण झाली असं मानत नाहीत. पांघरायला फुलांची गरज नसते, तरी ती लागतातच. गरजेच्या वस्तूत थोडं जास्तीचं काही घालावंसं वाटणं, हातकामातला आनंद इथंच सुरू होतो.

वाळवणाचे दिवस आणि फोनवरची आई

लॉकडाऊनचे महिने म्हणजे नेमके वाळवणाचे महिने. पापड, सांडगे, कुरडया याच उन्हात होतात. एरवी नोकरी करणाऱ्या घरांत हे सगळं विकत यायला लागलं होतं. त्या वर्षी दुकान बंद आणि माणसं घरात, त्यामुळे गव्हाचा चीक पुन्हा शिजला.

कुरडईला घाई चालत नाही. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं. मग वाटून, पिळून चीक काढायचा आणि तो रात्रभर खाली बसू द्यायचा. सकाळी वरचं पाणी ओतून टाकून, आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा. हात एक क्षण थांबला की गुठळी झालीच. त्यानंतर सोऱ्यानं कुरडया घालायच्या आणि दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं. पातेल्याला चिकटलेला चीक पोरांनी तुपाबरोबर खायचा, हा त्यातला ठरलेला भाग.

हे पुस्तकात वाचून जमत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. सांगणारी आई नाक्यापलीकडे. मग व्हिडिओ कॉलवर पातेलं दाखवून ‘बघ गं, एवढा घट्ट पुरे का?’ आणि पलीकडून ‘अजून जरा हलव, चकाकी येऊ दे’ असं चालायचं. कृती दहा मिनिटांची, फोन तासभर. कुरडई हे बोलायचं निमित्त होतं. ‘कशी आहेस’ या प्रश्नाला त्या दिवसांत खरं उत्तर देणं जड जायचं. ‘चीक पातळ झालाय’ हे सांगणं सोपं होतं.

बेळगावात कुंदाही घरी शिजला. हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद, घरात दूध उरायचं. दूध आटवायचं, थोडं दही घालून ते रवाळ होऊ द्यायचं, साखर जाळून रंग आणायचा आणि तासन् तास ढवळत राहायचं. गोव्यात मे महिना म्हणजे पुरुमेंताचा. पावसाळ्याची बेगमी करण्याची ही जुनी रीत, तिचं नावच पोर्तुगीज शब्दावरून आलेलं. सुकी मासळी, सोलं, मिरच्या, कडधान्यं भरून ठेवायची. चार महिने घराबाहेर पडणं अवघड असेल, हे धरून चालणारी ही पद्धत त्या वर्षी नव्या अर्थानं उपयोगी पडली. आजी-आजोबांना टंचाईत घर चालवण्याचं जे ज्ञान होतं, ते जुनाट नव्हतं हे नातवंडांना समजलं.

बेळगावची भाजी आणि गोव्याची कुंडी

गोव्याच्या भाजीचा मोठा भाग बेळगावहून घाटमार्गे जातो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ही साखळी अडखळली. गोव्यात भाजी-किराण्याचे हाल झाले आणि घाटावर शेतकऱ्यांचा माल पडून राहिला. शेतात कोबी, फ्लॉवर उभा आणि खाणारा शंभर-सव्वाशे किलोमीटरवर उपाशी, अशी उलटी गत.

कुंडीतल्या चार काड्यांनी ही अडचण सुटत नाही. तांबडी भाजी पंचवीस-तीस दिवसांनी काढायला येते. मेथीला तीन आठवडे लागतात. धने दोन दले वेगळी करून पेरले तरी कोंब दिसायला आठ-दहा दिवस जातात. घरच्या टोमॅटोवर घर चालत नाही. तरीही लोकांनी पेरलं, कारण पेरण्यातून भाजीच्या आधी दुसरंच काहीतरी मिळत होतं.

त्या काळात सगळ्या तारखा कोसळल्या होत्या. शाळा कधी उघडणार, लग्न कधी, पगार कधी, कुणालाच सांगता येत नव्हतं. मेथीची तारीख मात्र पक्की होती. आज पेरली की चार दिवसांत वर येणार. रोज सकाळी उठून बघावं असं काहीतरी कुंडीत होतं. आकडे बघण्यासाठी टीव्ही लावण्याआधी माणसं झाडांना पाणी घालायला जाऊ लागली.

शास्त्र काय सांगतं?

हातकामानं मन हलकं होतं, या अनुभवाला काही अभ्यासांचा आधार आहे. नेदरलँड्समध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बागकाम करणाऱ्या ३० जणांना आधी ताण येईल असं काम दिलं. मग निम्म्यांना अर्धा तास बागकाम, निम्म्यांना अर्धा तास वाचन. ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल हे संप्रेरक दोन्ही गटांत उतरलं, पण बागकाम करणाऱ्यांत जास्त. त्यांचा मूडही पूर्ववत झाला.

अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात ३९ प्रौढांनी ४५ मिनिटं चित्र, माती, कोलाज असं काहीबाही केलं. सुमारे ७५ टक्के लोकांचं कॉर्टिसॉल कमी झालं आणि त्यासाठी आधीचा सराव असण्याची गरज दिसली नाही. २०१३ मध्ये साडेतीन हजारांहून अधिक विणकाम करणाऱ्यांची पाहणी झाली. जे जास्त वेळा विणतात, त्यांनी शांत आणि आनंदी वाटतं असं जास्त प्रमाणात सांगितलं.

हे अभ्यास छोटे आहेत. विणकामाच्या पाहणीत तर आधीच विणकाम आवडणारी माणसं होती. त्यामुळे ‘सुई हातात घेतली की चिंता गेली’ असा अर्थ काढायचा नाही. एवढं मात्र म्हणता येतं की ठेक्यात चालणारं काम विचारांना फार भरकटू देत नाही. टाका, टाका, पुन्हा टाका. शिवाय काम डोळ्यांसमोर वाढतं. बाहेर काहीच आपल्या हातात नसताना वीतभर तरी आपल्या हातून पुढं सरकलं, हे मनाला पुरतं.

याची एक शंभर वर्षांपूर्वीची आठवण वडोद्याशी जोडलेली आहे. गांधीजी चरख्याच्या शोधात होते, तो गंगाबेन मजमुदार यांना तेव्हाच्या बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी सापडला. पुढे मुंबईत गांधीजी अंथरुणाला खिळलेले असताना त्यांच्या खोलीत चरखा सुरू झाला. आपण बरे होण्यात त्या गुंजनाचाही वाटा होता, असं त्यांनी आत्मकथेत नोंदवलं आहे. परिणाम शरीरावर नसून मनावर झाला असेल, हे मान्य करायलाही ते तयार होते.

सगळ्यांनाच विरंगुळा नव्हता

या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७. हे झालं साथीच्या आधीचं. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात, कामवाली बाई येणं बंद, दिवसातून चार वेळा खाणं. रोज नवा पदार्थ फोटोत छान दिसला, पण मागची भांडी कुणी घासली? ज्या घरात ती वाटून घासली गेली, तिथं स्वयंपाक विरंगुळा झाला. जिथं एकीच्याच वाट्याला आली, तिथं ती वेठ झाली.

ज्यांचं घर दहा बाय दहाचं, ज्यांचा रोजगार बुडाला, जे हायवेनं चालत गावाकडे निघाले, त्यांना कुंडीही नव्हती आणि बाल्कनीही नव्हती. ज्यांनी माणूस गमावला आणि शेवटचं तोंडही पाहिलं नाही, त्यांना कुंदा ढवळून बरं वाटेल, असं म्हणणं निष्ठुरपणाचं होईल. हातकाम ही सोबत आहे, औषध नव्हे. झोप उडाली, जेवण जाईना, जगण्यात अर्थ वाटेना असं आठवडे-दोन आठवडे चाललं, तर डॉक्टरांकडेच जायला हवं. २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक देशभर एकच आहे. कुठल्याही राज्यातून लागतो, पैसे पडत नाहीत.

उरलं काय?

निर्बंध उठले, कचेऱ्या सुरू झाल्या. यीस्टची पाकिटं आणि डालगोना कॉफी विसरली गेली. बऱ्याच कुंड्यांत आता नुसती माती आहे. काही सवयी मात्र टिकल्या, आणि त्या का टिकल्या हे बघण्यासारखं आहे. फोटोपुरतं केलेलं फोटोबरोबर संपलं. कुणासाठी तरी केलेलं टिकलं. बाळंतिणीसाठी शिवलेली दुपटी, नाका उघडल्यावर माहेरी पोचवलेला कुरडयांचा डबा, शेजारणीला दिलेली कढीपत्त्याची रोपं.

पुन्हा सुरुवात करायला साथ यावी लागत नाही. एक जुनी साडी, एक सुई आणि दिवसाची वीस मिनिटं पुरतात. येत नसेल तर आणखी चांगलं. मग कुणाला तरी फोन करून विचारावं लागतं, आणि पलीकडचं माणूस बहुतेक वेळा त्या फोनची वाटच बघत असतं.